माना मोजणारी आत्या

ही गोष्ट १९८९ सालची. त्या साली बास्केटबॉल क्लबकडे एकच करार शिल्लक होता आणि त्यावर डोळा ठेवून असलेले तरुण पॉइंट गार्ड दोन. पॉइंट गार्ड म्हणजे चेंडू पुढे आणून बाकीच्या चौघांना खेळवणारा. कुणाला केव्हा काय हवं ते त्याला न विचारता कळावं लागतं.

दोघांतून एक निवडायचं काम आत्याकडे होतं. ती कोचची थोरली बहीण, पण सगळा क्लब तिला आत्याच म्हणे. वीस वर्षं ती पोरं पारखत होती. रीत ठरलेली. प्रेक्षकांच्या सगळ्यात वरच्या पायरीवर बसायचं आणि चेंडू हातात पडायच्या आधी पोराची मान जितक्या वेळा वळेल तितक्या रेघा वहीत ओढायच्या. ‘‘चेंडू आल्यावर बघतो तो हमाल, आधीच बघून ठेवतो तो गार्ड,’’ असं ती म्हणे.

एकाला सगळे मुंगूस म्हणत. त्याची मान सारखी भिरभिरायची. दुसरा खांब. नाकावर माशी बसली तरी हलायचा नाही. महिन्याभरात मुंगसाच्या रेघांनी पान भरलं, खांबाचं कोरंच राहिलं. आत्याने भावाला निकाल सांगून टाकला. तिला आता या सगळ्याचाच शीण आला होता. तोच घामाचा वास, त्याच शिट्ट्या, आणि दाराशी थांबलेल्या कुणाच्या तरी आईचा तोच प्रश्न, ‘‘होईल ना हो आमच्याचं?’’

शेवटच्या सराव सामन्याला गुडघ्यांनी जिना चढायला साफ नकार दिला, म्हणून ती खालीच, बास्केटमागच्या बाकावर बसली. वरून माना दिसत. खालून डोळे दिसले. मुंगूस मान वळवत होता खरा, पण दर वेळी नजर एकाच जागी जायची, कोचच्या तोंडाकडे. बरोबर चाललंय ना, सर? आणि खांबाची मान जागच्या जागी, बुबुळं मात्र कढईतल्या लाह्यांसारखी उडत होती. तो मोकळ्या जागेत चेंडू फेकायचा आणि चेंडू पोचेपर्यंत तिथे आपला माणूस आलेला असायचा.

आत्याने वही मिटली. वीस वर्षांत अशी किती पोरं तिने घरी धाडली होती?

सामना संपल्यावर ती कोचच्या खोलीत गेली. ‘‘चुकलं रे माझं. खांबाला घे.’’

‘‘ताई, सकाळीच मुंगसाला सांगून बसलोय मी. त्याने घरी फोनसुद्धा केला.’’

‘‘मग परत बोलाव.’’

‘‘काल तूच म्हणालीस, डोळे मिटून घे!’’

‘‘म्हटलं होतं. आज उघडलेत.’’

‘‘आणि वरच्यांना काय सांगू? आत्याचे गुडघे दुखले म्हणून गार्ड बदलला?’’

‘‘तसंच सांग. खोटं थोडंच आहे?’’

भाऊ हसला, पण हसू टिकलं नाही. ‘‘या मोसमात हरलो तर माझं बिऱ्हाडही इथून उठेल, ताई. पण शब्द दिलाय मी.’’

‘‘शब्द तू माझ्या वहीवर दिलास. मोडते मीच.’’

भाऊ खिडकीकडे वळून शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळू लागला. आत्याने तोच होकार मानला.

मुंगूस बुटांच्या नाड्या सोडत होता. तिने सगळं सरळ सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि तिच्या खांद्यावरून दाराकडे पाहिलं.

‘‘सरांना पटलंय?’’

‘‘पटलंय,’’ आत्या म्हणाली. त्याने मान डोलावली आणि पुन्हा नाड्यांना हात घातला.

खांब त्या क्लबकडून अकरा वर्षं खेळला. आत्यामुळे आपण राहिलो हे त्याला कुणी सांगितलं नाही. भावाची नोकरी आणखी तीन मोसम टिकली. मग एका पराभवानंतर त्याला नारळ मिळालाच, आणि तो घरी बसून टीव्हीवरच्या कोचना शिव्या देऊ लागला. मुंगूस दुसऱ्या एका संघाच्या बाकावर दोन वर्षं बसला, मग टायरच्या दुकानात लागला, पुढे ते दुकानच त्याने घेतलं. आत्याने त्यानंतर कुणाला पारखलं नाही. जुन्या वह्या काढून घरी धाडलेल्यांचे चेहरे आठवायला ती बसे, पण एकही धड आठवत नसे. वह्यांत सगळ्या मानाच होत्या.