मोज्यातला फोन

"आता बरं दिसतंय, की आधीचं भिंग बरं होतं?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"आधीचं," खुर्चीवरचे आजोबा म्हणाले.

"बरं. आणि आता?"

"अहो, तुम्ही भिंग बदललंच कुठे? मघापासून तेच विचारताय!"

चष्मेवाले ओशाळले. त्यांच्या एका हातात भिंग होतं आणि दुसऱ्या हातात फोन. फोनवर लेकीला निरोप पाठवून झाला होता, 'वर्गात पोचलीस का?' आणि उत्तर येत नव्हतं. समोरच्या माणसाला अक्षरं दिसतात की नाही यापेक्षा, उत्तर का येत नाही याचाच त्यांना घोर लागला होता. उत्तर आलं, 'हो.' मग कुठे भिंग बदललं गेलं.

हे रोजचंच होतं. लेक नववीत होती. घरी तिला मनी म्हणत. तिची आई इस्पितळात परिचारिका. पाळ्या बदलत्या, त्यामुळे मनीची जबाबदारी बरीचशी बाबांवर. लहानपणी एकदा बाजारात मनीने बाबांचं बोट सोडलं होतं. सापडली तेव्हा ती एका दुकानाच्या पायरीवर मजेत पाय हलवत बसली होती. तिला ते आठवतही नाही, पण बाबांच्या छातीत भरलेली धडकी मात्र गेली नव्हती. मनीच्या हातात फोन आल्यापासून तर विचारूच नका! पोचलीस का, डबा खाल्लास का, डोकं दुखायचं थांबलं का, बाईंनी काय विचारलं? मनी बाकाखाली हात घालून उत्तरं द्यायची. हो. हो. नाही. कधी नुसता अंगठा.

आणि मग शाळेने पालकांना सभागृहात बोलावलं. मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांनी फार प्रस्तावना केली नाही. "सोमवारपासून मुलांचे फोन सकाळी शाळेच्या दारात जमा होतील. शाळा सुटली की परत मिळतील. मधल्या वेळेत फोन नाही. मधल्या सुट्टीतही नाही."

सभागृहात गलका उठला. सगळ्यांत आधी उभे राहिले ते चष्मेवाले.

"आणि मुलांना काही झालं तर?"

"ऑफिसात फोन आहे. तुम्ही करा. निरोप मी स्वतः पोचवीन."

"म्हणजे बाप-लेकीच्या मधे तुम्ही?"

टाळ्या पडल्या. मोठ्या बाई टाळ्या थांबेपर्यंत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "या नियमाचा मुलांना त्रास होईल असं मला वाटलं होतं. आता दिसतंय, आधी पालकांनाच होणार!"

काही लोक हसले. चष्मेवाले दात-ओठ खात खाली बसले.

नियम आला. पण चष्मेवाल्यांनी त्यातून वाट काढली. बोटभर लांबीचा, बटणांचा एक छोटा फोन आणला. मोठा फोन दारात जमा करायचा आणि हा मोज्यात ठेवायचा!

"अहो, पोरीला शाळेत पाठवताय की हेरगिरीला?" आई म्हणाली.

"तू दिवसभर इस्पितळात. इथे जीव माझा टांगणीला असतो."

मनी हातातल्या फोनकडे बघत होती. "बाबा, मला खोटं बोलावं लागेल."

"खोटं कसलं? कुणी विचारलं तरच ना! आणि आवाज बंद ठेवला की झालं. नुसता थरथरेल."

मनीने फोन मोज्यात घातला. बाबांशी वाद घालण्यात अर्थ नसतो हे ती कधीच शिकली होती.

पहिले काही दिवस मधल्या सुट्टीत मुलं मैदानावर हरवल्यासारखी फिरली. हात सारखे खिशाकडे जायचे आणि रिकामे परत यायचे. मग कुणीतरी पकडापकडी सुरू केली. नववीतली घोडी पकडापकडी खेळतात म्हणून दहावीची मुलं हसली, आणि दुसऱ्या दिवशी तीही खेळू लागली! फक्त मनी भिंतीशी उभी असायची. पळलं तर फोन मोज्यातून निसटेल. कुणाशेजारी टेकलं तर थरथर कळेल. साऱ्या शाळेतल्या मुलांचे हात मोकळे झाले होते, आणि तिचे पाय बांधले गेले होते.

मनीची मैत्रीण होती ठकी. गोल चेहऱ्याची, अबोल. बोलताना ती अडखळायची, शब्द तोंडाशी येऊन अडकायचा. मागच्या वर्षी ती वर्गात धडा वाचत असताना कुणीतरी गुपचूप फोनवर तिचं चित्रण केलं. संध्याकाळपर्यंत ते शाळाभर फिरलं. लोकांनी त्याखाली हसरे चेहरे टाकले. कुणी केलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्या दिवसापासून ठकीने वर्गात तोंड उघडलं नव्हतं. बाई विचारायच्या आणि ती मान खाली घालायची.

फोन बंद झाल्यावर थोड्याच दिवसांत एकदा भाषेच्या तासाला बाईंनी विचारलं, "स्वतःचा निबंध कोण वाचणार?" आणि ठकीचा हात वर आला!

वर्ग चकित झाला. ठकी उभी राहिली. पहिलं वाक्य अडखळत आलं. दुसरं जरा सरळ आलं. कुणी हसलं नाही. तिसऱ्या वाक्याला तिचा आवाज मोकळा होऊ लागला होता.

घुर्रर्र!

मनीचा पाय बाकाच्या लोखंडी दांडीला टेकलेला होता. मोज्यातला फोन थरथरला आणि सगळा बाक घुमला.

"फोन! कुणाकडे तरी फोन आहे!"

ठकीच्या हातातून कागद गळला. "शू... शू... शूटिंग?" एवढंच तिने विचारलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून ती मटकन खाली बसली.

मनीला कुणी पकडलं नाही. तिनेच मोज्यात हात घातला आणि फोन बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवला.

इकडे दुकानात चष्मेवाल्यांची तगमग चालली होती. उत्तर नाही. पुन्हा निरोप पाठवला. उत्तर नाही. फोन लावला. नुसतीच रिंग! डोळ्यांसमोर नाही नाही ती चित्रं नाचू लागली. जिन्यावरून पडली? चक्कर आली? खुर्चीवर एक बाई तपासणीची चौकट नाकावर घेऊन, एक डोळा झाकलेला अशा बसल्या होत्या. "खालची ओळ वाचू का?" त्यांनी विचारलं. चष्मेवाले केव्हाच रस्त्यावर पोचले होते.

ते धापा टाकत मोठ्या बाईंच्या खोलीत शिरले. मनी कोपऱ्यातल्या खुर्चीवर रडत होती. धडधाकट होती. टेबलावर तो छोटा फोन थरथरत, काचेवरून सरकत, कडेपर्यंत आला होता.

मोठ्या बाईंनी तो उचलून बाजूला ठेवला. "तुमचेच निरोप येताहेत. रस्त्यानेसुद्धा पाठवत होतात?"

"मी बाप आहे बाई! काळजी वाटते मला!"

"वाटलीच पाहिजे. पण काळजी तुमची, आणि तिचं ओझं लेकीच्या पायात?"

"काही झालं असतं तर?"

"झालं ना!" मोठ्या बाईंचा आवाज पहिल्यांदाच चढला. "एक मुलगी वर्षभरानंतर वर्गात बोलायला उभी राहिली होती. तिला बोलावंसं का वाटलं, ठाऊक आहे? समोरच्या कुणाच्या हातात फोन नाही, याची तिला खात्री होती म्हणून. या नियमाने मी मुलांना दुसरं काय देऊ शकते? चुकण्याची मोकळीक. अडखळायचं, पडायचं, हसं झालं तरी ते तिथेच विरून जायचं. ती मोकळीक तुमच्या एका निरोपाने मोडली."

चष्मेवाल्यांनी मनीकडे पाहिलं. मनी हुंदके आवरत म्हणाली, "बाबा, तिला वाटलं मी शूटिंग करत होते. मी! आता ती माझ्याकडे बघतसुद्धा नाही."

अरे देवा! काय करून बसलो आपण! आपली लेक सुखरूप राहावी म्हणून जे केलं, त्याने तिलाच गुन्हेगार ठरवलं. तिने आधीच सांगितलं होतं, खोटं बोलावं लागेल. ऐकलं होतं का आपण? उत्तरांसाठी सारखे टपून बसलेले आपण, पण तिचं एवढं एक वाक्य ऐकलं नव्हतं.

"मला त्या मुलीला भेटायचंय," ते म्हणाले.

"तास संपू दे. फोन मात्र सत्र संपेपर्यंत इथेच राहील."

"राहू दे."

तास संपेपर्यंत ते बाहेरच्या बाकावर बसले. मग ठकीसमोर जाऊन उभे राहिले. सगळा वर्ग बघत होता.

"बाळ, तो निरोप मी पाठवला होता. तुझं चित्रण कुणी केलं नाही. मनीला नको होता तो फोन, मीच लपवायला लावला. चूक माझी आहे. तुझी मी माफी मागतो."

ठकीने मान वर केली. मग तिने विचारलं, "का... काय लि... लिहिलं होतं?"

चष्मेवाल्यांच्या जिभेवर उत्तर आलं होतं, पण ते तिचं वाक्य संपेपर्यंत थांबले. "डबा संपव, असं."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळा वर्ग हसला, चष्मेवाल्यांना. त्यांनी हसू दिलं. ठकीच्याही ओठांचा कोपरा जरासा हलला. "मग आता वाच ना निबंध," एक मुलगा म्हणाला. तिने मान हलवली. "उ... उद्या."

तो उद्याचा दिवस चष्मेवाल्यांना फार जड गेला. स्वतःचा फोन त्यांनी खणात टाकला. खण उघडला, बंद केला. ठकी वाचेल का? मनीशी बोलेल का? एकदा तर शाळेच्या ऑफिसात फोन लावायला त्यांनी आकडे दाबायला घेतले. मग स्वतःच स्वतःला दटावलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाला खुर्चीवर बसवलं. भिंगं मात्र त्या दिवशी सगळी वेळच्या वेळी बदलली गेली.

संध्याकाळी मनी घरात शिरली ती बोलतच. "बाबा, वाचला तिने! दोनदा अडली, पण कुणी हूं की चूं केलं नाही. आणि मग सुट्टीत ती मला म्हणाली, चल, खेळू. मी एवढी पळाले, एवढी पळाले! गुडघा फुटला, हा बघा. आणि ते भूगोलाचे सर आहेत ना..."

चष्मेवाले ऐकत राहिले. आई कामावरून आली तरी मनीची टकळी चालूच होती. इतकं ही पोर आपल्याशी शेवटचं कधी बोलली होती? त्यांना आठवेना. आठवणार कसं? संध्याकाळ होईपर्यंत दिवसभराचे प्रश्न विचारून संपलेले असायचे आणि तिची 'हो' आणि 'नाही' अशी उत्तरं देऊन झालेली असायची. सांगायला उरतच काय होतं?

मंडळी, शाळेत फोन नको म्हटलं की आपण लगेच मुलांकडे बोट दाखवतो. त्यांना सवय लागलीय, त्यांना करमत नाही! पण त्या बाकाखालच्या फोनवर निरोप पाठवणारे पुष्कळदा आपणच असतो. शाळेचे ते थोडे तास मुलांचे आहेत. तिथे त्यांना अडखळू द्या, पळू द्या, आपल्याशिवाय राहून बघू द्या. जीव थोडा वर-खाली होईल. होऊ द्या! मूल संध्याकाळी घरी येतं, आणि आपण वाट पाहिलेली असली, तर आपल्याला सांगण्यासारखं पुष्कळ काही घेऊन येतं.