पिवळी आणि राखाडी

बाळासाहेबांनी अंगठ्यानं तांबड्या गाडीचं चित्र बाजेच्या कडेला सरकवलं आणि पिवळी न् राखाडी एकमेकींना खेटून ठेवल्या.

"ह्या दोन. ही येगळी."

"का, आप्पा?"

"ह्या दोघी बरूबर घाट चढतील. तांबडी एकटीच पळंल. तिला शेजारी कोन नको."

इंद्रायणीनं ते जसंच्या तसं लॅपटॉपवर टाइप केलं. पुण्याच्या कंपनीत लोकांच्या आवडीनिवडी तपासण्याच्या कामाला लागून तिला थोडेच महिने झाले होते. नव्या सॉफ्टवेअरचा सराव म्हणून प्रत्येकानं घरच्या एका माणसाकडून आठ स्पोर्ट्स कारची तुलना करून आणायची होती. रीत साधी होती. तीन गाड्यांची चित्रं समोर ठेवायची, त्यातल्या दोन कशात सारख्या आणि तिसरी कशात वेगळी ते त्या माणसाच्याच शब्दांत काढून घ्यायचं. मग त्या फरकावर आठही गाड्यांना गुण घ्यायचे. दोघींकडे झुकणारीला एक, तिसरीकडे झुकणारीला पाच. बऱ्याच फेऱ्या झाल्या की सॉफ्टवेअर एक झाड काढतं. त्या माणसाच्या मनात ज्या गाड्या सारख्या, त्या एका फांदीवर येतात.

पहिल्या फेरीला आप्पा अडले होते. "सारख्या? चाकं समद्यांना चारच हायेत," असं म्हणून ते चित्रं उलटी करून मागं काही छापलंय का बघायला लागले. मग तिनं प्रश्न सोपा केला. कुठल्या दोन एकत्र ठेवाल? त्यानंतर आप्पा थांबले नाहीत. बैलगाड्यांच्या शर्यतीत आप्पांचा गाडा बोरीपासून आंबेगावच्या पार टोकापर्यंत घाटाघाटांत, म्हणजे शर्यतीच्या चढणींवर, पळालेला. आपल्या जुन्या बैलांच्या नावांनी पिवळीला त्यांनी बावऱ्या म्हटलं, राखाडीला कोसा, आणि एका पांढऱ्या गाडीला तर, हिच्या पायात खोट असणार, म्हणून बादच करत होते.

इंद्रायणीची आई पुष्पा दारात कांदे चिरत बसली होती. तिनं मान वर न करता विचारलं, "झाला का न्हाई बाप-लेकीचा बाजार? उद्या पिंपळवंडीची मान्सं इंदूला बघाया यायचीत. बाजेवर चादर तरी टाका."

"टाकू की. मान्सं बसायला येनारेत का चादर बघायला?"

"चादर न्हाई बघत, वावर बघत्यात. समद्यांनी चाऱ्याला मका टाकली. आमचंच खालचं वावर कांदा निघाल्यापासून उतानं पडलंय. इचारलं तर बोलत न्हाईत."

आप्पांनी तंबाखू मळायला घेतली.

पिंपळवंडीचा मुलगा इंद्रायणीच्याच विषयातला एम.एस्सी. होता. एका लग्नात आप्पा त्याच्याशी अर्धा तास बोलले होते. चहात साखर किती, हे तो चमच्याच्या भाषेत सांगत नाही, ग्रॅममध्ये सांगतो, असं परत येऊन हसत म्हणाले होते, "अगदी आपल्या इंदूसारखा." पुष्पानं दुसऱ्याच दिवशी निरोप धाडला होता.

इंद्रायणीनं शेवटचे गुण भरले आणि बटण दाबलं. पडद्यावर झाड उमटलं.

ती बघत राहिली. पिवळी आणि राखाडी एकाच फांदीवर, जवळजवळ चिकटून. सारखेपणा शंभरात पंच्याण्णव. आणि दोन तांबड्या, ज्या एकाच कारखान्यातल्या, बघताक्षणी जुळ्या वाटतील इतक्या एकसारख्या, त्या झाडाच्या दोन टोकांना. तिनं सगळे आकडे पुन्हा तपासले. एकाच्या जागी पाच आणि पाचाच्या जागी एक तर पडले नाहीत ना, तेही बघितलं. आकड्यांत चूक नव्हती. झाड पुन्हा काढलं. पुन्हा तेच.

"आप्पा, ही पिवळी आणि ही राखाडी. तुम्हाला सारख्या वाटतात?"

"सारख्या?" आप्पांनी तिच्याकडं असं बघितलं की जणू तिनं शेळीला म्हैस म्हटलं होतं. "कुठून सारख्या? पिवळी नुसती आग हाय. चाबूक दिसायच्या आधी सुटंल. राखाडी थंड. तिला कितीबी वरडा, ती आपल्या दमानं जानार."

"मग प्रत्येक वेळी दोघी एकत्र का ठेवल्या?"

"तूच म्हनलीस, एकत्र कुठल्या ठेवाल. म्या ठेवल्या." त्यांनी दोन्ही तांबड्या उचलून शेजारी शेजारी धरल्या. "ह्या दोघी सारख्या. पन ह्या एका गाड्याला जुपल्या तर काय व्हईल? दोघी एकदमच उधळनार, आन् दमल्या की दोघी एकदमच बसनार. गाडा गेला बाराच्या भावात. एक तापट आसंल तर दुसरा थंड लागतो. एवढं तर बारकं पोरगंबी सांगंल, राव."

इंद्रायणीचा हात कीबोर्डवरच राहिला. सगळ्या फेऱ्या वाया गेल्या होत्या, आणि चूक तिच्या प्रश्नातच होती. हे तिला कळलं, पण तिला आठवलं ते आप्पांचं दुसरंच एक वाक्य.

उन्हाळा लागता लागता, तिनं लग्नासाठी पसंत केलेला सुदर्शन घरी आला होता. निरगुडसरचा. मेंढरं राखणाऱ्या सोनबाचा मुलगा, आता पशुवैद्यकीय दवाखान्यात नोकरीला. तासभर बसला आणि जेमतेम चार वाक्यं बोलला. ती मात्र त्याच्या वाटणीचंही बोलत होती. तो गेल्यावर आप्पा ओट्यावर उभे राहून त्याची मोटारसायकल वळणापर्यंत बघत राहिले आणि म्हणाले, "तुमच्या दोघांत कायबी सारखं न्हाई." मग गोठ्यात गेले. पुढं कधी विषय काढला नाही. तिनंही काढला नाही. मेंढरं, जात, बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडणारं घर, सगळं तिनं त्या एका वाक्यात वाचलं. रात्रभर विचार करून सुदर्शनला फोन केला, घरून नकार आलाय. तो म्हणाला, "बरं." तेवढंच.

"आप्पा," ती म्हणाली. "सुदर्शन येऊन गेला तेव्हा तुम्ही म्हणालात, आमच्यात काहीच सारखं नाही."

"मंग? न्हाईच हाय."

"म्हणजे तुमचा नकारच होता ना?"

आप्पांचा मळणारा अंगठा थांबला.

"मी त्याला नाही म्हणून कळवलं, आप्पा. तुमचा नकार आहे म्हणून."

तळहातावरची तंबाखू तशीच राहिली. दारात पुष्पाची सुरी कांद्यावर टेकून थांबली. आप्पांनी लेकीकडं, मग लॅपटॉपकडं, मग पुन्हा लेकीकडं बघितलं. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसला.

"मी कवा न्हाई म्हनलो?"

त्यांनी खालच्या वावराकडं बोट केलं.

"सोनबाला मीच म्हनलो व्हतो, बाजारात गाठ पडली तवा. कांदा निघाला की वावरात मेंढरं बसवायला या. चार राती बसतील, खत व्हईल, आन् सोयरिकीचं बोलनंबी व्हईल निवांत. म्हनून तर वावर मोकळं ठेवलं." ते थांबले. "मला वाटलं, त्यांनाच नको आसंल. माझी गाड्याशर्यतीची खोड त्यांच्या कानावर गेली आसंल. पोरीच्या बापानं किती डाव इचारावं?"

"आन् मला सांगायला काय झालं व्हतं?" पुष्पा म्हणाली. "मी पिंपळवंडीला निरोप धाडला तवा तरी."

"मी म्हनलो की, त्यो इंदूसारखा हाय म्हनून. सारख्याला सारखं कुनी जुपतं व्हय?"

पुष्पानं सुरी खाली ठेवली.

इंद्रायणीनं फोन उचलला. नंबर अजून होता. रिंग वाजत राहिली, आणि तिला वाटलं, त्यानं उचललाच नाही तर बरं. मग पलीकडे उचलला गेला. आधी मेंढरांचा कालवा आला, म्हणजे तो बापापाशी होता, त्यामागं कुत्रं, आणि मग त्याचा आवाज.

"बोल."

एवढ्या एका शब्दात राग होता की नव्हता, तिला ठरवता येईना. तिनं बोलायला श्वास घेतला, पण शब्द आले नाहीत. सुदर्शनच्या वाटणीचंही बोलणाऱ्या तिला ते पहिल्यांदाच झालं. तोही पलीकडे थांबून राहिला. त्यानं फोन ठेवला नाही.

आप्पांनी तंबाखू तशीच झटकली, हात धोतराला पुसला आणि पुढं केला. तिनं फोन दिला.

"बापाला दे, बाळा," ते म्हणाले.

पलीकडे मेंढरं ओरडत होती. मग कुणीतरी खाकरलं.

"सोनबा, मी बोरीवरनं बाळासाहेब. खालचं वावर आजून मोकळंच हाय."

पुष्पा केव्हा आत गेली ते कळलं नाही. ती चांगले कप काढलेला ट्रे घेऊन दारात आली, उद्याच्या पाहुण्यांसाठी, आणि किती पुसून ठेवू म्हणून विचारणार तोच आप्पांनी कानावरचा फोन न काढता दुसरा हात वर केला आणि तिला तिथंच थांबवलं.