न पाहताच पारखलेला डॉलर

जुन्या नाण्यांच्या त्या दुकानदाराला गल्लीत सगळे पारखी म्हणत. नाणं हातात घेतलं की त्याचा दर्जा आणि प्रकार तो चुटकीसरशी सांगे, आणि त्याच्या शब्दापुढे कुणी जात नसे.

त्याची भाची दुकानात आली ती गळ्यातली साखळी मुठीत धरूनच. "मामा, कडी निसटली. बसवून दे ना."

साखळीत चांदीचा डॉलर होता. पारख्याचे वडील बोटीवर नोकरीला होते तेव्हा त्यांनी कुठल्याशा बंदरातून आणलेला. त्याच्या धाकट्या बहिणीने, भाचीच्या आईने, तो गेल्या वर्षी दाखवायला आणला, तेव्हा पारखी फोनवर एका गिऱ्हाइकाशी घासाघीस करत होता. डॉलर तळहातावर एकदा उलटून त्याने म्हटलं होतं, "साधाच आहे गं. खुशाल भोक पाड."

कडी बसवायला त्याने डोळ्याला भिंग लावलं. अशा डॉलरवरच्या बाईच्या कानावरचे केस आधी झिजतात. इथे बट न् बट शाबूत होती. मागच्या गरुडाच्या छातीवरची पिसंही तशीच. मग त्याची नजर नाणं कुठल्या टांकसाळीतलं ते सांगणाऱ्या अक्षरावर गेली. त्याच्याखालून दुसरंच एक अक्षर डोकावत होतं, एकावर एक ठोकलेलं. हा प्रकार त्याने आजवर फक्त चित्रात पाहिला होता. आणि वर, बाईच्या मुकुटाला भेदून, सोनाराने पाडलेलं गुळगुळीत भोक.

त्याने भिंग काढून ठेवलं.

"काय झालं मामा?"

"काही नाही. चल, घरी सोडतो तुला."

बहीण इस्त्री करत होती. भाची आत जाताच त्याने सगळं सांगून टाकलं. "असा डॉलर जन्मात एखाद्याच्याच हाती लागतो. माझ्या शब्दावर भोक पाडून तू त्याच्या किमतीची माती केलीस. चूक माझी आहे."

"मी कुठे विकणार होते?" तिने इस्त्री उभी केली. "बाबांचा म्हणून आणला होता. वाटलं, तू बघशील, दोन गोष्टी निघतील त्यांच्या. तू मान वर करूनही पाहिलं नाहीस, दादा. परक्यांच्या नाण्यांना तासन्‌तास देतोस."

भोकाबद्दलची माफी त्याने वाटभर जुळवून आणली होती. ही चूक निराळी होती आणि तिच्यासाठी त्याच्याकडे काहीच नव्हतं.

"चुकलंच माझं," तो शेवटी पुटपुटला.

बहीण 'असू दे' म्हणाली नाही. तिने लेकीला हाक मारून साखळी मागून घेतली आणि त्याच्यापुढे धरली.

"आता तरी नीट बघ. आणि हिला सांग, आजोबांनी काय आणलं होतं ते."

भाची त्याला खेटून बसली. तो सांगू लागला, केसांपासून, सावकाश. बहीण कपडे बाजूला सारून ऐकत होती. सांगताना त्याचा अंगठा राहून राहून त्या भोकावर जात होता.