निशाणी बांगडी

"अक्का, कागद सापडला," रतिलाल म्हणाला, आणि पुढचं बोलायच्या आधी त्यानं चष्मा काढून उपरण्याच्या टोकानं पुसायला घेतला.

भिकुबाईनं ओळखलं. चांगली बातमी असती तर माणूस चष्मा पुसत बसत नाही.

"सांगा भाऊ," ती म्हणाली. "मी उभी शे."

धुळ्याच्या कचेरीतला हा दप्तरखाना. छतापर्यंत फळ्या आणि फळ्यांवर लाल कापडात बांधलेले कागदांचे रुमाल. बाईमाणूस इथं क्वचित यायचं, आलं तर पुरुषाच्या मागून. भिकुबाई एकटी आली होती. तिनं अर्ज दिला, तिकीट लावलं आणि रतिलाल कारकुनानं दोनदा परत पाठवूनही तिसऱ्यांदा उंबऱ्याशी येऊन बसली होती. शेवटी त्यानंच कंटाळून रुमाल सोडला, आणि सोडल्यावर मात्र त्याला चटक लागली. जुनी मोडी लागत नाही म्हणून बाजूला टाकेल, तर तो रतिलाल कसला!

"ही तुमच्या फडाची यादी," तो म्हणाला. "बंधाऱ्याचं पाणी घेणाऱ्या सगळ्यांची नावं आहेत. सुपडूचंही आहे. पण पुढे लिहिलंय, 'पाटलाचे घरचा'. तुमच्या घराचा उल्लेख नाही."

भिकुबाई भिंतीला टेकली.

पांझरेकाठच्या तिच्या गावात दिवाळी झाली की फडातले सगळे शेतकरी बंधाऱ्यावर जमत. पाटातला गाळ काढत, खचलेले दगड बसवत, आणि मग नारळ फोडून पाणी सोडत. तो नारळ सुपडूच्या घरानं फोडायचा. सुपडू म्हणजे भिकुबाईचा आजेसासरा. नव्वदेक वर्षांपूर्वी पुरात बांधाला भगदाड पडलं, तेव्हा काट्याकुट्यांचे भारे छातीशी धरून तो त्या भगदाडात उभा राहिला. बांध वाचला, सुपडू गेला. गावानं त्याच्या घराला हा मान दिला. एरवी त्या घरात मिरवण्यासारखं काय होतं? चार बिघे जमीन आणि एक जुनाट बैलगाडी. पण नारळाच्या दिवशी भिकुबाईचा नवरा फेटा बांधून निघाला, की ती दारात उभी राहून तो वळणाआड जाईपर्यंत बघत राही.

नवरा गेल्या उन्हाळ्यात गेला. मुलगा नाही. एकच लेक, ती मेहरूणला दिलेली. आणि चुडामण पाटलांनी पंचांपुढे शब्द टाकला, की सुपडू मुळात आमच्या घरचा, मान आमच्याकडे यावा. चुडामण पाटील काही लबाड नव्हते. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तसंच सांगत आले होते. पंच म्हणाले, कागद आणा. ज्याचा कागद त्याचा नारळ.

आणि कागद तर पाटलांच्या बाजूनं बोलत होता.

रतिलालला वाईट वाटलं. काहीतरी बोलायचं म्हणून तो म्हणाला, "नाव मात्र आमच्याकडच्यासारखंच हो. आईची पहिली दोन पोरं गेली, म्हणून माझ्या भावाला तिनं उकिरड्यावर ठेवून उचलला. उखर्डू नाव ठेवलं. तुमचा सुपडू म्हणजे सुपात घालून दुसरीला विकलेला असणार. आपलं नाही म्हटलं की मरण फिरकत नाही म्हणतात."

भिकुबाई त्याच्याकडे बघतच राहिली. सून म्हणून ती या घरात आली त्याला चाळीस वर्षं होत आली होती. देवापुढं तिनं हे नाव हजारदा घेतलं असेल, पण ते का पडलं हे तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. स्वतःचा तिला थोडा रागही आला.

"मंग भाऊ," ती सावकाश म्हणाली, "पोऱ्या जिता शे तवलगून माय त्याले 'मना' कशी म्हनी? सरकारनं इचारं तरी ती दुसराना घरनाच सांगी."

"हो, 'माझा' म्हणणारच नाही. तसंच सांगणार."

"पन मरानंतर?" भिकुबाई सरळ उभी राहिली. "मरानंतर काय सांगं व्हई तिनी?"

रतिलालनं चष्मा पुन्हा चढवला. माणूस बुडाला, बांध फुटता फुटता राहिला, म्हणजे चौकशी झालीच असणार. पण खानदेशाचे दोन जिल्हे झाले तेव्हा त्या चौकशांचे रुमाल जळगावला गेले होते. त्यानं तिथल्या कारकुनाला चिठ्ठी लिहिली, गाडी चाळीसगावला बदलायची हे दोनदा बजावलं, आणि ती निघाल्यावर हळूच म्हणाला, "सापडलं तर मलाही कळवा, अक्का."

जळगावला ती मेहरूणला लेकीकडे उतरली. रोज सकाळी तलावाच्या काठानं कचेरीत जायची, संध्याकाळी रिकाम्या हातानं परत यायची. लेक म्हणायची, "माय, आता जाऊ दे ना. एक नारळ तर शे." भिकुबाई लेकीवर रागवायची नाही, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा जायची.

जळगावचे कारकून म्हणजे एक म्हातारे, तुसडे गृहस्थ होते. रुमाल सोडताना ते धुळीला, मोडीला आणि भिकुबाईला सारख्याच मायेनं बोलत. पण एका दुपारी कागद वाचता वाचता त्यांचा सूर बदलला. मग ते थांबले आणि पहिल्यापासून, मोठ्यानं वाचू लागले.

"जबानी तापीबाई. पुसले की, मयत सुपडू तुझा कोण. जबाब देते की, माझा लेक. आधीची सर्व पोरे गेली, सबब यास सुपात घालून पाटलाचे बायकोस पसाभर जोंधळ्यास विकला. दूध मी पाजले, मोठा मी केला. जो पुसे त्यास पाटलाचा म्हणून सांगत आले. त्याचे लग्नातही माझा म्हटला नाही. आज सांगते की, माझा. आता लपवून कोणापासून लपवू. निशाणी बांगडी."

खाली शाईत बुडवून उठवलेलं काचेच्या बांगडीचं वर्तुळ होतं. म्हाताऱ्यांनी कागद तिच्यापुढं सरकवला. लिहिता न येणारी बाई अशीच सही करायची.

भिकुबाईनं आपला बांगड्यांविना उघडा हात त्या वर्तुळाशेजारी ठेवला. तापीबाई हे नाव ती पहिल्यांदाच ऐकत होती. घरात सुपडूचं नाव होतं, त्याच्या बापाचं होतं, आजाचंही होतं. जिनं जन्मभर आपलं पोर आपलं म्हटलं नाही, तिचं नाव कुणी ठेवलंच नव्हतं. भिकुबाईला रडू आलं, पण त्याहून जास्त तिला अभिमान वाटला. अशा बाईच्या घरात आपण नांदलो, या विचारानं तिची मान ताठ झाली.

"नक्कल देतो," म्हातारे म्हणाले. "धुळ्याची यादी पंचांना दाखवू नका. हा एक कागद पुरे आहे."

"नही बापू. दोन्ही दखाडसू. अर्धं सांगीसन लिधेल मान माले नको."

नारळाच्या दिवशी बंधाऱ्यावर सगळा फड जमला होता. गाळ काढून झाला होता, माणसांचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेले होते. शाळेच्या मास्तरांनी आधी धुळ्याची नक्कल वाचली. चुडामण पाटलांनी मिशीवरून हात फिरवला. मग मास्तरांनी जळगावची वाचली.

पाटील दगडावर बसले. "आमना घरमा बठ्ठा म्हनेत, सुपडू आपला शे," ते म्हणाले. "मी खोटं बोलनू नही, भिकुबाई."

"खोटं कोनीच बोलनं नही, आबा. तुमना घरनी त्याले पदरमा लिन्हा म्हनीसन तो जगना."

पाटलांनी मान हलवली. नारळ त्यांच्यापुढं ठेवलेला होता. तो त्यांनी उचलला, फेट्याच्या टोकानं पुसला आणि भिकुबाईच्या हातात दिला.

मागून कुणीतरी कुजबुजलं, की बाईमाणसानं बांधावर नारळ फोडलेला कधी पाहिला नाही. पाटील मागं न वळताच म्हणाले, "मान घरना शे. घर समोर उभं शे. आखो काय पाहिजे?"

पाणी सोडणारा पाटकरी हिलाल पाटाच्या दाराशी उभा होता. नारळ फुटायच्या आधी त्यानं विचारायचं आणि मान असलेल्यानं सांगायचं, असा रिवाज होता. तरण्याताठ्या हिलालला तिच्याकडे बघून क्षणभर संकोच वाटला.

"कोना घरना मान?" त्यानं विचारलं.

भिकुबाईनं पदर खोचला. दगड बघितला, नारळ वर उचलला.

"तापीबाईना घरना," ती म्हणाली.

नारळ एका फटक्यात फुटला. हिलालनं ते नाव, जे या बंधाऱ्यावर कधी कुणी घेतलं नव्हतं, पाटाच्या शेवटच्या शेतापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात पुकारलं, आणि पाणी सोडलं.