विहिरीच्या कपारीतला पाइप

धाकट्या भावाने जमिनीतून गॅस काढणाऱ्या कंपनीला आपल्या शेताचा कोपरा भाड्याने दिला म्हणून थोरल्याने तीन वर्षं त्याच्याशी अबोला धरला होता. गॅसबरोबर वर येणारं पाणी शुद्ध करून कंपनी धाकट्याच्या तळ्यात सोडायची, त्यावरही तो नाक मुरडायचा. "माझी विहीर बघा, भर उन्हाळ्यात आटत नाही!" असं तो बैठकीत छाती फुगवून सांगे, आणि लोक खाली बघून हसत.

आज मोटार अडकली म्हणून विहिरीत उतरलेला मेकॅनिक ओरडला, "दादा, तुमचा झरा तर कपारीतल्या काळ्या पाइपातून येतोय!"

पाइप बांधाखालून धाकट्याच्या तळ्याकडेच गेला होता. थोरल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने कसंबसं बांधापलीकडे पाहिलं, तर तिथे उभ्या असलेल्या धाकट्यानेच चोरी पकडली गेल्यासारखी मान खाली घातली होती.