सासूबाईंचा खरा अभिप्राय

आमचे जावई मोठ्या माणसांना घरबसल्या ग्रहतारे शिकवणारी वेबसाइट बनवतात. लोक हौसेने येत, नाव नोंदवत, पहिला धडा उघडत आणि अर्ध्यातच पळ काढत. का, ते कोणी सांगेना. शेवटी त्यांचे साहेब म्हणाले, "सोमवारपर्यंत एक तरी नवखा माणूस आपणहून धडा संपवू दे. नाहीतर टाळं लावू."

म्हणून शनिवारी जावई लॅपटॉप घेऊन आमच्याकडे आले. मानसशास्त्राची जाडजूड पुस्तकं वाचून झाली होती. आता मन असलेलं एक जिवंत माणूस हवं होतं. मला कशालाही नावं ठेवायची सवय, त्यामुळे माझं मत बाद; निवड झाली बायकोची.

ती धडा उघडून बसली. पहिल्याच प्रश्नाचं उत्तर चुकलं. टँऽऽ असा आवाज झाला, पडदा लाल झाला आणि कोपऱ्यातल्या घुबडाने मान हलवली. बायकोने चटका बसल्यासारखा माउस सोडला.

"कसं वाटलं, आई?"

"छान आहे हो."

"पण अडखळलात ना?"

"छे! मीच वेंधळी. तुमचं काय चुकणार? रंग तर किती गोड आहे!"

जावयांचा चेहरा उतरला. मी त्यांना गॅलरीत नेलं. "अहो, तुम्ही केलेलं करपलेलं ऑम्लेट हिने मिटक्या मारत खाल्लंय. हिच्याकडून खरं काढायचं तर तुम्ही जावई असून चालणार नाही."

"म्हणजे?"

"घाबरू नका. फक्त वेबसाइटपुरतं."

त्यांनी आत जाऊन वेबसाइटचं नाव तेवढं बदललं. "आई, ही आमच्या स्पर्धकांची. बघता जरा?"

"अय्या, मग आधी सांगायचं ना!" बायकोने चष्मा पुसला. "हे घुबड पहिलं हाकला. जरा चुकलं की मान हलवतंय, अगदी यांच्या आईसारखं."

मी खिडकीबाहेर बघू लागलो.

"आणि दारातच एवढी बटणं? पाहुण्याला आधी पाणी देतात, घराचा नकाशा नाही. वर हे घड्याळ टिकटिकतंय. ग्रह कुठे पळून चाललेत? चुकलं ते कळलं, पण का चुकलं ते कोण सांगणार? बनवणारा बिनलग्नाचा असणार. घरात विचारायला कोणी असतं तर असं केलं असतं का?"

जावयांना ठसका लागला. "बोला आई, आणखी बोला!"

"उगाच कुणाला नावं ठेवू नयेत," असं म्हणून तिने आणखी अर्धा तास ठेवली.

रविवारभर जावई राबले. सोमवारी सकाळी हजर. "आई, ही मात्र आमची."

"छानच आहे," बायको म्हणाली. पान अजून उघडलंही नव्हतं. जावयांनी माझ्याकडे हताशपणे पाहिलं.

ती वाचू लागली. एका पानावर एकच प्रश्न, एकच मोठं बटण. उत्तर चुकलं. आवाज नाही, लाल नाही. फक्त एक ओळ आली: 'इथे बरेच जण गोंधळतात. हे चित्र बघा.'

"बरेच जण?" असं पुटपुटून बायकोने खुर्ची पुढे ओढली.

थोड्या वेळाने जावयांना राहवेना. "आई, कसं वाटतंय? काही अडतंय का?"

"अहो, गप्प बसा ना जरा! शनीपर्यंत आलेय मी!"

लग्न झाल्यापासून जावयांना ती पहिल्यांदाच अशी बोलली. ते आनंदाने लालबुंद झाले आणि चवड्यांवर चालत स्वयंपाकघरात गेले. तिथूनच ते डोकावत राहिले आणि पहिला धडा संपताच त्यांनी साहेबांना फोन लावला.

"साहेब," ते कुजबुजले, "सासूबाईंनी मला गप्प बसवलंय. आणि दुसरा धडा उघडलाय!"