ड्रायव्हरची दाढी

मध्यंतराचे दिवे लागले आणि पुढच्या रांगेतल्या बाईनं मागे वळून माझ्या सासऱ्यांकडे बघितलं. मग नवऱ्याचा दंड धरून त्यालाही वळायला लावलं. त्यानं अब्बांची दाढी बघितली, रिकाम्या पडद्याकडे बघितलं, पुन्हा दाढी बघितली.

"काय हवंय?" मी विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला, आणि दोघं उठून लांबच्या रांगेत जाऊन बसली.

त्यांना तरी काय बोलणार? जरा वेळापूर्वी ज्या माणसानं भरलेली बस अडवून ड्रायव्हरला खाली ओढलं आणि देवाचं नाव घेत त्याचा गळा चिरला, त्याची दाढी आणि अब्बांची दाढी एकच होती. एकसारखी म्हणत नाही मी, एकच. तीच ओठाखाली पांढरी, गालांवर करडी, आणि डाव्या जबड्यावर तोच विरळ पट्टा. अब्बांना तरुणपणी रेडिएटरच्या वाफेनं भाजलं होतं, तिथे केस नीट उगवले नाहीत. पडद्यावरची ती दाढी आमच्या घरात तयार झाली होती आणि ती माझ्या नवऱ्यानं केली होती.

आमचे हे सिनेमावाल्यांसाठी दाढ्यामिशा करतात. बारीक जाळीत आकड्याच्या सुईनं एकेक केस ओढून गाठ मारायची. मी केस विंचरून, रंग जुळवून जुड्या बांधून देते. डोळ्यांची पार वाट लागते, पण कॅमेरा नटाच्या नाकाशी नेला तरी दाढी खोटी आहे हे कळत नाही.

ही मागणी घेऊन मेकअपवाला आला तेव्हा एवढंच म्हणाला होता, "धार्मिक माणूस आहे. वयस्कर, सभ्य. दाढी खरी वाटली पाहिजे. मागच्या वेळी एकानं करून दिली, ती बोकडाची वाटत होती."

"खरी पाहिजे ना?" हे म्हणाले. "मग ती आमच्या घरातच आहे."

अब्बा काय खूश झाले म्हणून सांगू. ह्यांच्यासमोर तासन् तास हनुवटी वर करून बसायचे. मला विचारायचे, "सूनबाई, चहा घेऊ, की दाढी हलेल?" मी म्हणायची, "अब्बा, फुकट बसू नका, मानधन मागा." तर म्हणायचे, "मानधन राहू दे, पिक्चरच्या शेवटी नाव टाका म्हणावं. दाढी: रिटायर्ड बस ड्रायव्हर."

आणि ही बातमी पोटात राहते होय? बागेतल्या बाकावर सगळ्यांना सांगून झालं. त्या बाकावर रोज संध्याकाळी अब्बा आणि कंडक्टरकाका बसत, सोबतीला जुने डेपोवाले. अब्बा आणि काका तीस वर्षं एकाच गाडीवर होते. आजही एकमेकांना नावानं हाक मारत नाहीत. हे ड्रायव्हर, ते कंडक्टर. काका म्हणाले, "इतकी वर्षं ह्याच्या पाठीमागे तिकिटं फाडली, पण गाडी हिरो चालवतोय हे कोणी बोललं नाही मला." पिक्चर लागला तेव्हा त्यांनीच सगळ्यांची तिकिटं काढली. आम्हा दोघांचीही.

तर ते मध्यंतर. कंडक्टरकाका चहाचे कप घेऊन आले. अब्बांच्या हातात कप देताना त्यांनी अब्बांच्या तोंडाकडे बघितलं नाही.

"अब्बा, घरी जायचं का?" मी हळूच विचारलं.

"नको. तिकिटं त्यानं काढलीत. उठून गेलो तर त्याला वाईट वाटेल."

म्हणून आम्ही शेवटपर्यंत बसलो. माझ्या शेजारी आमचे हे दोन्ही हातांत डोकं धरून होते. शेवटी त्या माणसाला दाढीला धरून फरफटत बाहेर आणलं आणि गोळी घातली, तेव्हा सगळं थिएटर उठून टाळ्या पिटायला लागलं. शिट्ट्या काय, शिव्या काय. आणि त्या शिव्या त्या एकट्याला नव्हत्या, आम्हा सगळ्यांना होत्या. कंडक्टरकाकांनीही दोन टाळ्या वाजवल्या. मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी हात मांडीवर ठेवले.

घरी आल्यावर ह्यांचा बांध फुटला. "बापाचा चेहरा विकला मी," म्हणाले. "मला नुसतं सभ्य माणूस म्हणून सांगितलं होतं हो."

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस? काम सोडून आम्हाला हवा खायला घातली असतीस?" अब्बा म्हणाले. "असली माणसं नसतातच असं नाही. असतात, मेली. तो मागे आपल्या मशिदीत आला नव्हता का, लोकांची माथी भडकवायला? मी त्याच्या हातातून माइक काढून घेतला. धक्काबुक्की झाली, चष्मा फुटला माझा. पण अशाला अडवणारा एक म्हातारा दाखवला का त्यांनी? इतक्या दाढ्या पिक्चरमध्ये, सगळ्या त्या खुन्याच्याच बाजूला." मग म्हणाले, "आणि मी ड्रायव्हर. त्या बसमध्ये असतो तर पहिला मलाच खाली ओढला असता."

पिक्चर तुफान चालला. बसथांब्यावर पोस्टरमध्ये ती दाढी माणसाएवढी मोठी लागली. अब्बा बसमध्ये चढले की शेजारची जागा रिकामी राहायची. ज्यानं उभा जन्म बस चालवली, त्याच्या शेजारी बसायला कोणी तयार नाही. कॉलेजातली पोरं न विचारता फोटो काढून खिदळत निघून जायची. बाकावर एकेक जण कमी झाला. कोणाला सर्दी, कोणाचे पाहुणे. कंडक्टरकाका तेवढे येत राहिले.

एके दिवशी अब्बा घरी आले तर हनुवटी लालबुंद. म्हणाले, दारात अडकली. दाढी दारात अडकते होय? मी खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं. रस्त्यात मागून येऊन कोणीतरी हिसडा मारला होता. खरी आहे का बघतोय, म्हणाला. आजूबाजूचे हसले. माझं डोकं असं फिरलं, की हातातली केसांची जुडी कुठे भिरकावली ते मला आठवत नाही.

हे काकांच्याही कानावर गेलं आणि ते संध्याकाळी घरी आले.

"ड्रायव्हर, राग मानू नकोस," ते म्हणाले. "काढून टाक ना. केसच आहेत. हा पिक्चर थंड झाला की परत वाढव."

अब्बा हनुवटी चोळत बसले. मला कुठलं राहवतंय? म्हटलं, "काका, पिक्चरमधले दरोडेखोर, सावकार, बायका पळवणारे, सगळे मिशीवाले असतात. तुम्हाला कोणी सांगितलं का कधी, मिशी काढा म्हणून?"

काकांचा हात मिशीकडे गेला. चांगली भरघोस आहे त्यांची. "अगं, ते वेगळं."

"कसं वेगळं?"

त्यांनी मिशीवरचा हात खाली घेतला. "त्यानं रस्त्यात मार खाल्लेला मला बघवणार नाही गं," म्हणाले. "माझं माणूस आहे ते." डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या, आणि ते खोटं नव्हतं. म्हणून तर मला जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अब्बा न सांगता बाहेर पडले आणि न्हाव्याकडून गुळगुळीत होऊन आले. त्यांचं स्वतःचं लग्न झाल्यापासून त्यांच्या दाढीला वस्तरा लागला नव्हता. कातरायची झाली तर हेच कातरत, दुसऱ्याला हात लावू देत नसत. हे दारातच थांबले. इतका लहान चेहरा होता अब्बांचा, आम्हाला कधी कळलंच नव्हतं. जबड्यावरचा भाजल्याचा डाग उघडा पडला होता.

"मला का नाही सांगितलंत?" हे म्हणाले.

"तुझ्याच्यानं झालं नसतं."

त्या संध्याकाळी अब्बा बागेत गेले. मी दिवा लावून वाट बघत बसले होते. एकटं सोडायला नको होतं, असं सारखं वाटत होतं. पण आले ते धडधाकट. पाय धुतले, खुर्चीत बसले.

"होते का सगळे?" मी विचारलं.

"सगळे होते. सर्दीवाला, पाहुणेवाला, सगळे. सरकून जागा दिली मला मधोमध."

"आणि काका?"

"त्याला फार आनंद झाला. पाठीवर थाप मारली. म्हणाला, आता कसा आपल्यातला दिसतोस." अब्बांनी माझ्याकडे बघितलं. "सूनबाई, तीस वर्षं तो माझ्या पाठीमागे उभा होता. माझ्या डब्यातलं जेवला. मग इतकी वर्षं मी त्याला कोणातला दिसत होतो?"

मी तोंडाची फाटकी, पण उठून नुसता चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दारावर थाप पडली. "ड्रायव्हर, येतोस ना?" कंडक्टरकाका जिना चढून आले होते. एवढे जिने चढवत नाहीत त्यांना, धाप लागली होती.

मी दार अर्धंच उघडलं. "झोपलेत."

"ह्या वेळी? बरं नाही का?"

"बरे आहेत. झोपलेत."

ते थोडे घुटमळले. "उठला की सांग, मी बाकावर आहे म्हणून," असं म्हणून कठडा धरत धरत खाली उतरले.

मी आत गेले. अब्बा पलंगाच्या कडेला बसले होते, स्वच्छ शर्ट, पायांत बूट, नाड्या बांधलेल्या. जिन्यावरची पावलं ऐकू येईनाशी झाली, तेव्हा त्यांनी वाकून एकेक नाडी सोडली आणि बूट पलंगाखाली सरकवले.